एक्झॉस्टचं गॅस्केट: जुनंच परत लावायचं की नवीन टाकायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायलेन्सर खाली उतरवला, मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करणारा इंजिनला लागूनचा भाग) सोडवला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा, थोडक्यात कॅट) काढला की हातात ते काळं पडलेलं पॅकिंग येतं आणि तिथेच सगळ्यांची गाडी अडते, की हे परत लावू का नवीन आणू. हे प्रश्न इतक्या वेळा येतात की एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवलेलं बरं. खाली मी गॅस्केट आणि पॅकिंग हे दोन्ही शब्द वापरलेत, गॅरेजमध्ये दोन्ही चालतात, वस्तू एकच.

आधी एका वाक्यात सांगा, जुनं परत लावलं तर चालतं का?

नाही, नवीनच टाका. दोन-तीन ठिकाणी सूट आहे आणि ती खाली सांगतो, पण मॅनिफोल्डपासून कॅटपर्यंतच्या कुठल्याही जॉइंटला मी जुनं पॅकिंग परत लावायला सांगणार नाही.

पण काढलेलं गॅस्केट दिसायला एकदम ठणठणीत आहे हो, कुठे फाटलेलं नाही, जळलेलं नाही. मग फेकायचं कशाला?

कारण गॅस्केटचं काम चांगलं दिसणं नाही, दाबलं जाणं आहे, आणि ते एकदाच नीट दाबलं जातं.

हातात घेऊन उजेडात बघा. स्टीलच्या पत्र्याचं असेल तर भोकाच्या भोवती एक उठावदार कड असते, नवीन गॅस्केटवर बोट फिरवलं की ती कड चांगली लागते, जुन्यावर तीच कड सपाट झालेली असते आणि तिच्यावर एक चकचकीत पट्टा दिसतो. ती कड म्हणजेच स्प्रिंग, फ्लँज (पाईपच्या तोंडाची बोल्टची भोकं असलेली सपाट पट्टी) टाईट केल्यावर तीच दोन्ही बाजूंना दाब देत राहते. आता ती बसली, म्हणजे परत तेवढा दाब देणार नाही. ग्रॅफाइटवालं असेल तर आणखी वाईट, ग्रॅफाइट मऊ असतं, ते फ्लँजच्या पृष्ठभागावरच्या बारीक खाचांमध्ये जाऊन बसतं आणि सोडवताना त्याचे पापुद्रे अर्धे इकडे अर्धे तिकडे चिकटून राहतात, ते परत त्याच जागी जसंच्या तसं बसणं जवळपास अशक्य.

अजून एक खूण बघा. चकचकीत पट्टा सगळीकडून अखंड आहे का, की कुठेतरी त्याला आडवा छेदून काळा पंख्यासारखा डाग बाहेरच्या कडेकडे गेलाय? तसा डाग असेल तर तिथून गॅस आधीपासूनच निसटत होता. असं गॅस्केट परत लावायचा विचारही करू नका, आणि टाकून द्यायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण डाग ज्या बाजूला आहे त्या बाजूची फ्लँज किंवा स्टड (ज्यावर नट बसतो ती आट्यांची दांडी) तपासायचा आहे.

गाडीत एक्झॉस्टला असतात तरी किती गॅस्केट?

गाडीगणिक वेगळं, पण इंजिनकडून मागे यायला लागलो तर पहिलं हेड (इंजिनचा वरचा भाग) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या मधलं, तिथे बहुतेक पातळ स्टीलच्या एकावर एक थरांचं असतं. मग मॅनिफोल्ड आणि पुढच्या पाईपच्या मधलं, मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत आणि टोयोटात इथे स्प्रिंगवाले बोल्ट आणि गोल रिंग असते. पुढे कॅटच्या आगेमागे, मग मधला पाईप आणि सायलेन्सरच्या मध्ये. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा) असेल तर टर्बोच्या दोन्ही बाजूंना वेगळी, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याची वेगळी. आता बऱ्याच नवीन गाड्यांत मॅनिफोल्ड आणि कॅट एकत्रच येतात त्यामुळे एक जॉइंट कमी होतो, पण जे उरतात ते सगळे जास्त गरम जागेतले असतात.

मग ती सूट कुठे आहे? कोणतं पॅकिंग खरंच परत वापरता येतं?

पहिलं म्हणजे मागचा सायलेन्सरचा जॉइंट. तिथे गॅस बऱ्यापैकी थंड झालेला असतो, दाब कमी असतो आणि कुठलाही सेन्सर तिथे नसतो. स्टीलचं पॅकिंग असेल, फ्लँज सरळ असतील आणि पॅकिंगला एकही काळा डाग नसेल तर परत लावून बघायला हरकत नाही, लीक झालंच तर खाली झोपून दोन बोल्ट सोडायचे एवढंच काम आहे.

दुसरं, शुद्ध तांब्याचं गॅस्केट. हे आपल्या रोजच्या गाड्यांत फारसं येत नाही, जुन्या गाड्या आणि मॉडिफाय केलेल्या गाड्यांमध्ये दिसतं. तांबं दाबलं गेलं की कडक होतं, पण गॅसच्या टॉर्चने लालसर होईपर्यंत तापवलं की परत मऊ पडतं, मग साफ करून लावता येतं. तापवल्यावर पाण्यात बुडवा नाहीतर हवेत थंड होऊ द्या, तांब्याला फरक पडत नाही. स्टीलच्या गॅस्केटवर हा प्रयोग करू नका, तापवून त्याची उठावदार कड परत उभी राहत नाही, उलट त्यातला स्प्रिंगपणा जातो.

तिसरी जागा ती स्प्रिंगवाली गोल रिंग, तिचं वेगळं सांगतो कारण तिच्याबद्दलच सगळ्यात जास्त गोंधळ आहे.

गोल रिंग, म्हणजे डोनट, ती तर चांगली जाड असते. ती पण बदलायची?

ती रिंग म्हणजे लोखंडी जाळी आणि ग्रॅफाइट एकत्र दाबून केलेली असते. इंजिन हलतं तेव्हा पाईप त्या रिंगवर थोडा फिरतो, म्हणूनच तिथे स्प्रिंग दिलेल्या असतात. म्हणजे इथे रिंग चिरडून सील होत नाही, घासून बसते. त्यामुळे गाडी नवी आहे, गिअरबॉक्स किंवा क्लचच्या कामासाठी पाईप नुसता बाजूला केलाय, रिंग आपल्या जागेवरून हललीच नाही आणि तिचा उतार गुळगुळीत आहे, अशा वेळी बरेच मेकॅनिक ती तशीच ठेवतात आणि ती चालतेही. पण कंपनीचं मॅन्युअल उघडलं तर टोयोटासारख्या कंपन्या स्पष्ट लिहितात की काढलेलं गॅस्केट परत वापरू नका. माझं मत विचाराल तर, रिंग जागेवरून निघाली की बदला, तिच्यातून जाळीच्या तारा बाहेर डोकावत असतील, कडा तुटल्या असतील, बोटाने चुरा निघत असेल तर विचारसुद्धा नको.

आणि लावताना एक गोष्ट फार महत्त्वाची. रिंग आधी मॅनिफोल्डच्या तोंडावर लाकडाचा तुकडा ठेवून प्लॅस्टिकच्या हातोडीने हळूहळू पूर्ण बसवून घ्यायची आणि मग पाईप लावायचा. पाईप लावून बोल्ट आवळत आवळत रिंग आत ढकलायची नाही, ती तिरकी बसते, एका बाजूने तुटते आणि पहिल्या दिवसापासून फुसफुस चालू. स्प्रिंगसुद्धा बघा. उष्णतेने स्प्रिंग बसतात, टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये स्प्रिंगची लांबी व्हर्निअरने मोजून ठरावीक मापापेक्षा कमी भरली तर बदला असं सांगितलेलं असतं. दोन स्प्रिंग शेजारी शेजारी टेबलावर उभ्या करा, एक ठेंगणी दिसली तर दोन्ही बदला. नवीन रिंग आणि मेलेली स्प्रिंग ही जोडी काही कामाची नाही.

मेकॅनिक म्हणतो जुनंच लावू, वरून सिलिकॉन मारतो, काही होत नाही. बरोबर आहे का?

नाही, आणि इथे कृपया ठाम राहा.

लाल किंवा काळ्या ट्यूबमधलं जे आरटीव्ही सिलिकॉन असतं ते ऑइल चेंबर, वॉटर पंप, टॅपेट कव्हर असल्या कामांसाठी उत्तम. त्यातलं हाय टेंपरेचर म्हणून मिळणारं लाल सिलिकॉनसुद्धा साधारण ३०० ते ३५० डिग्री सेल्सियसच्या आसपास हात टेकतं. पेट्रोल गाडीच्या मॅनिफोल्डमधून हायवेला निघणारा गॅस ७०० डिग्रीच्या वर सहज जातो. म्हणजे ते सिलिकॉन जळणार, पांढरी भुकटी होणार, आणि जिथे त्याची जाडी होती तिथे आता पोकळी राहणार, म्हणजे आधीपेक्षा लीक जास्त.

बरं जळून गेलं एवढ्यावर थांबत नाही. सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरच्या टोकावर थर धरते आणि सेन्सर सुस्त पडतो, हे सेन्सर स्वस्त नाहीत. आतल्या बाजूला जे फुगून आलेलं असतं त्याचे तुकडे सुटून पुढे कॅटच्या जाळीवर जाऊन बसतात. टर्बोच्या आधीच्या जॉइंटला कोणी हे केलं तर तुकडे थेट टर्बोच्या पंख्यावर. एवढं सगळं कशासाठी, तर जे पॅकिंग बहुतेक साध्या गाड्यांचं एका चहा-नाश्त्याच्या बिलात येतं ते वाचवण्यासाठी.

शेलॅक (चिकट सीलर) लावायची पण जुनी सवय आहे, तीही इथे सोडा. स्टीलचं आणि ग्रॅफाइटचं गॅस्केट कोरडंच लावायचं असतं, मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं असेल तरच काही लावा.

मग ती एक्झॉस्ट पेस्ट मिळते ती कशासाठी?

एका पाईपमध्ये दुसरा पाईप घुसवून वरून क्लॅम्प लावतात त्या जॉइंटसाठी. तिथे गॅस्केट नसतंच. ही पेस्ट सिमेंटसारखी कडक होते, म्हणून ती पाईपच्या बाहेरच्या अंगाला पातळ लावायची आणि सांगितलेला वेळ सुकू द्यायची. फ्लँजच्या गॅस्केटवर थापायची ती वस्तू नाही, आणि पुढे कधी जॉइंट सोडवायचा असेल तर छन्नीने फोडून काढावी लागते हेही लक्षात ठेवा.

रविवार आहे, गावाकडे आहे, गॅस्केट कुठे मिळत नाही आणि उद्या गाडी हवीच. काय करू?

मग नाइलाज म्हणून जुनं लावा, पण नीट लावा. काढताना ज्या बाजूने होतं त्याच बाजूने, उलटं करू नका, कारण त्याच्यावर उमटलेले ठसे त्याच फ्लँजचे आहेत. फ्लँज साफ करा, बोल्ट थोडे थोडे सारखे आवळा, आणि दुकान उघडलं की नवीन आणून बदला. पत्र्याच्या दोन जुन्या पॅकिंगचा एकावर एक थर देऊन लावतात तेही करू नका, मधून गळतं.

शीट आणून घरी कापणार असाल तर मधे स्टीलचा पत्रा असलेली ग्रॅफाइट शीट घ्या, ती कात्रीने कापता येते आणि भोकं पंचने पाडता येतात. ऑइल पॅकिंगचा कागद, कॉर्क, रबर यातलं काहीही एक्झॉस्टला लावायचं नाही, पेट घेईल. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून लावायचे व्हिडिओ फिरत असतात, ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं एवढं सांगितलं की पुरे.

आणि असं तात्पुरतं लावलेलं असेपर्यंत काचा थोड्या उघड्या ठेवून चालवा.

लीक नक्की गॅस्केटमधूनच आहे हे कसं ओळखायचं?

सकाळी थंड इंजिन चालू करा आणि बॉनेट उघडून कान द्या. टिक टिक टिक असा आवाज येतो, रेस दिली की वेग वाढतो, आणि पाच-दहा मिनिटांत इंजिन तापलं की कमी होतो किंवा बंदच पडतो, तर मॅनिफोल्डचं गॅस्केट किंवा मॅनिफोल्डलाच तडा असण्याची शक्यता जास्त, कारण लोखंड तापून फुगलं की फट बंद होते. टॅपेटचा (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज पण टिकटिकच असतो त्यामुळे लोक फसतात, टॅपेट ॲडजस्ट करून घेतात आणि आवाज तसाच.

दुसरी पद्धत साबणाच्या पाण्याची, मला ही सगळ्यात आवडते कारण यात अंदाज नाही. इंजिन पूर्ण थंड, बंद. व्हॅक्यूम क्लीनरचा हवा फेकणारा पाईप सायलेन्सरच्या तोंडाला लावा, कडेने फडकं गुंडाळा, आणि स्प्रेच्या बाटलीतून साबणाचं पाणी प्रत्येक जॉइंटवर मारा. जिथून बुडबुडे येतात तिथे लीक. सगळी लाइन एका वेळी तपासून होते, पाईपला वेल्डिंगच्या जागी पिनहोल असेल तर तेही कळतं. गरम मॅनिफोल्डवर मात्र पाणी मारू नका, ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो.

आणि हीट शील्डचे (गरम पाईपवरच्या उष्णता अडवणाऱ्या आवरणाचे) पत्रे. ते सैल झाले तरी खडखड करतात, आधी ते हाताने हलवून बघा.

गॅस्केट लीक असलं तर ॲव्हरेज कमी होतं का? चेक इंजिन लाईट येऊ शकतो का?

दोन्ही होऊ शकतं, पण लीक कुठे आहे त्यावर आहे. एक्झॉस्टमध्ये गॅस सलग वाहत नाही, प्रत्येक सिलिंडरचा एक झोत, मग मधे क्षणभर दाब पडतो. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. लीक पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी किंवा अगदी जवळ असेल तर सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो पेट्रोल वाढवतो. खरं तर इंजिन आधीच बरोबर चाललेलं असतं. मग ॲव्हरेज घसरतं, स्कॅनरवर पेट्रोल कमी पडत असल्याचा पी ०१७१ सारखा कोड दिसतो आणि दुकानदार इंजेक्टर साफ करा, सेन्सर बदला असं सुचवायला लागतो. कॅटच्या आसपास, मागच्या सेन्सरच्या आधी लीक असेल तर कॅट खराब झाल्याचा पी ०४२० पण खोटा येऊ शकतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की हे कोड आले तर महागडा कॅट किंवा सेन्सर बदलायच्या आधी साबणाच्या पाण्याची टेस्ट करून घ्या. दोन्ही सेन्सरच्या मागे, सायलेन्सरजवळ लीक असेल तर फक्त आवाज येतो, पेट्रोलचा काही संबंध नाही.

एसी चालू असताना केबिनमध्ये धुराचा वास येतो. काम लगेच करू का नंतर?

लगेच करा, पुढे ढकलू नका. हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

मॅनिफोल्ड किंवा पुढच्या पाईपचं लीक इंजिनच्या खोलीत होतं आणि एसीची बाहेरची हवा घ्यायची जागा काचेच्या खाली, बॉनेटच्या मागच्या बाजूलाच असते. एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, तुम्हाला जो वास येतोय तो बाकीच्या गॅसचा आहे. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, मळमळ, झोप येणं ही सुरुवात. लांबच्या प्रवासात मुलं मागे झोपली आहेत असं वाटतं आणि खरं कारण वेगळं असू शकतं. डोकं दुखतंय आणि गाडीतून उतरल्यावर बरं वाटतंय असं परत परत होत असेल तर गाडी आधी दुरुस्त करा. तोवर काचा उघड्या, आणि उभ्या गाडीत एसी लावून झोपणं पूर्ण बंद. बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून लीक शोधत बसू नका, उघड्यावर काढा.

नट-बोल्ट जुने चालतील ना?

गॅस्केटपेक्षा खरी डोकेदुखी इथेच आहे. एक्झॉस्टचे नट बऱ्याच गाड्यांत तांब्याचा मुलामा दिलेले किंवा वरून किंचित चेपलेले लॉक नट असतात, एकदा सोडले की त्यांची पकड जाते, नवीनच घ्यायचे. स्टडचे आटे साफ असतील, नट हाताने शेवटपर्यंत फिरत असेल आणि स्टड मधे बारीक झालेला नसेल तर स्टड राहू द्या.

बाजारात साधे झिंकचे चमकणारे नट मिळतात ते इथे लावू नका, गरम होऊन जाम होतात आणि पुढच्या वेळी नटासकट स्टड फिरतो.

स्टड जाम आहे, पाना लावला की मोडेल असं वाटतंय. कसा काढू?

वाटतंय तर बरोबर वाटतंय, थांबा. अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोवा या पट्ट्यातल्या गाड्यांचे तर खास, खारी हवा आणि चार महिने पाऊस, नट आणि स्टड एकजीव झालेले असतात.

आदल्या रात्री थंड इंजिनवर आधी वायर ब्रशने स्टडचे बाहेर आलेले आटे घासून काढा, मग रस्टोलीन किंवा तसलं गंज सोडवणारं ऑइल मारा. सकाळी परत मारा. मग सहा कोनी सॉकेटच लावा, बारा कोनी सॉकेट किंवा उघडा पाना नटाचे कोपरे खातो. एकदम सोडवायला जोर लावण्याआधी किंचित, अगदी केसभर, आवळायच्या बाजूला दाब द्या. कट्ट असा कोरडा आवाज आला तर गंज फुटला. मग पाव फेरा सोडायचा, परत त्याच्या निम्मा आवळायचा, ऑइल मारायचं, परत सोडायचा. हाताला जर नट स्प्रिंगसारखा लवचिक लागायला लागला, म्हणजे फिरतोय पण सैल होत नाही, तर लगेच थांबा, स्टड पीळ खातोय आणि पुढच्या क्षणी तुटणार आहे. तिथे उष्णतेचं काम आहे. नट टॉर्चने तापवला की तो फुगतो आणि पकड सुटते, पण आधी मारलेलं ऑइल पुसून घ्या आणि आजूबाजूला पेट्रोलची लाइन, वायरिंग, रबर काय आहे ते बघा. घरी टॉर्च लावायची सोय नसेल तर हे काम गॅरेजवाल्याकडूनच करून घ्या.

तुटलाच तर, आणि थोडा बाहेर असेल, तर त्याच्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग करतात, त्या उष्णतेनेच तो सुटतो. हेडच्या आतच तुटला तर लेथवाल्याकडे किंवा हेडचं काम करणाऱ्याकडे जा, हेड ॲल्युमिनियमचं असतं, हाताने तिरकं ड्रिल मारलं तर भोकच खराब होतं आणि मग आटे नवीन घालावे लागतात. नवीन स्टड लावताना आट्यांना अँटी सीझ पेस्ट (आटे जाम होऊ न देणारी) अगदी पातळ लावा, पुढच्या वेळी जो कोणी सोडवेल तो दुवा देईल.

जुनं पॅकिंग चिकटलंय, फ्लँज कशी साफ करायची?

हेडच्या बाजूला ॲल्युमिनियम आहे, तिथे लोखंडी छन्नी आणि ग्राइंडर नको. प्लॅस्टिकचा किंवा बोथट स्क्रॅपर, थोडं थिनर, आणि धीर. ओरखडा भोकापासून बाहेर जाणारा पडला तर तोच पुढे लीकचा रस्ता होतो. मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचा असेल तर वायर ब्रश चालेल. साफ करताना पोर्टमध्ये फडक्याचा बोळा घाला म्हणजे कचरा आत जाणार नाही, आणि लावायच्या आधी तो बोळा काढायची आठवण ठेवा.

गाडी फार जुनी असेल आणि पॅकिंग राखाडी, तंतू निघणारं असेल तर ते ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. ते कोरडं घासू नका, कॉम्प्रेसरने उडवू नका, पाणी मारून ओलं करून काढा आणि मास्क लावा.

साफ झाल्यावर सरळ पट्टी उभी धरून फ्लँजवर आडवी तिरकी ठेवा आणि खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून बघा. किती फरक चालतो ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मॅनिफोल्ड वाकलेला निघाला तर फेसिंग (मशीनवर सपाट) करून घ्या, नुसतं जाड पॅकिंग टाकून तो दोष झाकता येत नाही.

किती टाईट करायचं? जेवढं जमेल तेवढं?

नाही. जास्त आवळलं की स्टड लांबतो, पातळ फ्लँज कानाजवळ वाकते आणि मधे फट पडते. मॅन्युअलमधला आकडा पाळा. नुसता अंदाज हवा असेल तर ८ मिलिमीटरच्या स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर आणि १० मिलिमीटरच्याला ४० ते ५० च्या आसपास असतं, पण तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा. मॅनिफोल्डला मधल्या नटापासून सुरू करून आळीपाळीने बाहेर जायचं, दोन-तीन टप्प्यांत. सगळे नट आधी हाताने बसवून घ्या, मगच पाना. स्प्रिंगवाल्या बोल्टला खांदा असतो, खांदा टेकला की काम झालं, त्यापुढे जोर लावून फक्त बोल्ट मोडतो.

एकदा इंजिन तापून थंड झालं की परत आवळायचं का? थर दिलेल्या स्टीलच्या गॅस्केटला सहसा गरज नसते, ग्रॅफाइटवाल्याला एकदा पाना फिरवून बघा, थंड असतानाच.

दर दोन-तीन महिन्यांनी नवीन पॅकिंग टाकतो आणि परत उडतं. लोकल माल असेल का?

लोकल माल असू शकतो, पण बहुतेक वेळा गुन्हेगार दुसराच असतो. इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्या रबरांवर बसतं ती) बसलंय का बघा. इंजिन रेस घेताना जास्त उडत असेल तर त्याचा सगळा हिसका पहिल्या जॉइंटवर येतो. मग पाईपच्या खालची हँगर रबरं बघा, एक जरी तुटलं असेल तर सायलेन्सरचं वजन फ्लँजवर लटकतं. फ्लेक्झिबल जॉइंट वेल्डिंग करून कडक करून टाकलाय का तेही बघा, तसं केलेलं फार ठिकाणी दिसतं, आणि मग जो भाग हलायला हवा तो हलत नाही आणि पॅकिंग मार खातं. स्पीडब्रेकरवर पाईप घासला असेल तर लाइनच वाकडी झालेली असते. पाईप मोकळा सोडा, फ्लँज समोरासमोर आपोआप येतायत का बघा. ओढूनताणून बोल्ट घालावा लागत असेल तर कितीही भारी पॅकिंग टाका, टिकणार नाही.

घ्यायचं कुठून आणि कोणतं?

शक्यतो कंपनीचं, चॅसिस नंबर सांगून. एकाच मॉडेलमध्ये बीएस ४ आणि बीएस ६ (प्रदूषणाचे जुने आणि नवे नियम) चा एक्झॉस्ट वेगळा असू शकतो, बीएस ६ एप्रिल २०२० पासून लागू झालं तेव्हा बऱ्याच गाड्यांचा कॅट आणि पाईप बदलला, त्यामुळे नुसतं गाडीचं नाव सांगून घेतलेलं पॅकिंग भोकाला लहान निघतं आणि गॅसच्या वाटेत येतं. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे सगळं मिळतं, पण जुना नमुना सोबत घेऊन जा, भोकावर भोक ठेवून बघा. म्हणूनच जुनं गॅस्केट नवीन बसेपर्यंत टाकू नका. काम सुरू करायच्या आधीच गॅस्केट, नट, स्प्रिंग आणून ठेवलेली सगळ्यात बरी, म्हणजे जुनं लावायचा मोहच होत नाही.

टर्बो डिझेल आहे, काही वेगळं?

नियम तोच, फक्त जास्त कडक. टर्बोच्या आधी लीक झालं तर पंख्याला मिळणारा जोर कमी होतो, पिकअप जातो, काळा धूर येतो. तिथलं आणि ईजीआरचं पॅकिंग दर वेळी नवीन. डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत काजळी जाळताना आत ६०० डिग्रीच्या आसपास तापमान जातं, तिथला क्लॅम्प आणि गॅस्केट कंपनीचंच घ्या.

ऑक्सिजन सेन्सरच्या वायसरचं काय?

बऱ्याच सेन्सरला तो अंगचाच असतो, निघत नाही. सेन्सर तोच परत लावत असाल तर चालतो, आट्यांना सेन्सरसाठीचं अँटी सीझ लावा, टोकाला लागू देऊ नका.

हे घरी करण्यासारखं काम आहे का?

मागचा आणि मधला जॉइंट, हो. मॅनिफोल्ड, स्टड कसे आहेत त्यावर ठरवा. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही नाही, दोन चांगल्या घोड्या (जॅक स्टँड) लावा, चाकांना उटी (चाक अडवायचा ठोकळा) द्या, हँडब्रेक ओढा, मगच खाली जा. डोळ्यांवर चष्मा हवाच, पाईपचा गंज बरोबर डोळ्यात पडतो. आणि इंजिन बंद करून अर्धा तास झाला म्हणजे थंड झालं असं समजू नका, कॅट बराच वेळ गरम राहतो.

नवीन गॅस्केट टाकून गाडी चालू केली तर धूर आणि वास येतोय, परत लीक झालं का?

पहिली दहा-पंधरा मिनिटं असं होतं. सोडवताना मारलेलं ऑइल, हाताचं ग्रीस, हे सगळं तापून जळतं. उघड्यावर गाडी उभी करून ते जळून जाऊ द्या. गाडी थंड झाल्यावर साबणाचं पाणी एकदा मारा, बुडबुडे नसतील तर हीट शील्ड लावून टाका. दुसऱ्या दिवशीही तोच वास येत असेल तर मात्र शील्ड परत काढा आणि ज्या बाजूला जुन्या गॅस्केटवर काळा डाग होता तीच बाजू पहिल्यांदा बघा.